राहून गेलेली पदके कागदावर आणताना: सेंट लुईसच्या सैनिकी नोंदणी केंद्राची सेवा

अमेरिकेच्या सैन्यदलांतून सेवामुक्त झालेल्या बहुतेक सैनिकांचे जुने सेवापट मिझुरी राज्यातील सेंट लुईस येथे, नॅशनल पर्सोनेल रेकॉर्ड्‌स सेंटर या केंद्रात जतन केलेले आहेत. हे केंद्र राष्ट्रीय अभिलेखागाराच्या अखत्यारीत चालते. माजी सैनिकाला किंवा त्याच्या जवळच्या नातेवाइकांना दाखल्यांच्या प्रती देणे आणि हक्काची असूनही न मिळालेली पदके पडताळून पुढे पाठवणे, ही कामे तेथे विनामूल्य होतात. आमच्या शेजारी राहणारे एक वृद्ध गृहस्थ व्हिएतनाम युद्धात पायदळात होते. त्यांच्या दाखल्यावर राहून गेलेल्या पदकांची नोंद व्हावी म्हणून त्यांच्या वतीने सगळा पत्रव्यवहार गेल्या वर्षी मी केला, आणि त्या अनुभवावरून हे परीक्षण लिहीत आहे. माझे मत आधीच सांगते. सेवा विश्वासार्ह आहे आणि तेथील माणसे जाणकार आहेत. मात्र ज्याने जे नेमके मागितले तेवढेच त्याला मिळते. ‘आमच्या आजोबांची सगळी पदके पाठवा’ असा मोघम अर्ज करणाऱ्याला आणि आदेशाच्या क्रमांकासह एकेक पदक मागणाऱ्याला येणाऱ्या उत्तरांत मोठा फरक पडतो.

कागदावर पदक नाही म्हणजे ते कोणी तरी नाकारले, अशी समजूत अनेक कुटुंबांत वर्षानुवर्षे घर करून असते. आमच्या शेजाऱ्यांचीही तीच समजूत होती आणि त्यामुळे त्यांनी पन्नास वर्षे हा विषय काढला नव्हता. प्रत्यक्षात कारण बहुधा फार साधे असते. १९५० पासून सेवामुक्त होणाऱ्या प्रत्येक सैनिकाला डीडी २१४ या क्रमांकाचा दाखला दिला जातो. घरकर्ज, आरोग्यसेवा, सरकारी नोकरीतील प्राधान्य, सैनिकी दफनभूमीतील जागा, अशा प्रत्येक ठिकाणी हाच दाखला मागतात. सेवेच्या अगदी शेवटी, फायलीत त्या घटकेला जे कागद असतील त्यांवरून, एखादा कारकून तो टंकलिखित करीत असे. व्हिएतनामहून परतणाऱ्या ज्या सैनिकांची सक्तीच्या भरतीची मुदत थोडीच उरलेली असे, त्यांना कॅलिफोर्नियातील ओकलंडसारख्या तळावर उतरल्यावर लगेच सेवामुक्त केले जाई. एकीकडे घरी जाण्याची घाई झालेली पोरे आणि दुसरीकडे दिवसभर दाखले बडवणारा कारकून, अशा वेळी रकाना तपासून सही करण्याच्या भानगडीत कोण पडतो? ज्या पदकाचा आदेश अजून समुद्रापलीकडे डिव्हिजनच्या मुख्यालयात निघायचा होता, त्याची नोंद होणे तर शक्यच नव्हते.

शेजाऱ्यांचे उदाहरण या दृष्टीने नमुनेदार आहे. ते १९६८ मध्ये सक्तीच्या भरतीत गेले, मार्च १९६९ ते मार्च १९७० व्हिएतनाममध्ये होते आणि परतताच सेवामुक्त झाले. त्या काळच्या दाखल्यावर पदकांचा रकाना चोविसावा आहे, तर आजच्या दाखल्यावर तो तेरावा असतो. त्यांच्या रकान्यात नॅशनल डिफेन्स सर्व्हिस मेडल, व्हिएतनाम सर्व्हिस मेडल, तत्कालीन दक्षिण व्हिएतनाम सरकारचे मोहीम पदक आणि पायदळात प्रत्यक्ष लढलेल्यांना मिळणारा कॉम्बॅट इन्फन्ट्रीमन बॅज, एवढेच लिहिलेले होते. या यादीत काय राहिले आहे हे ओळखण्यासाठी फायलीची गरजच पडत नाही. सैनिक कोणत्या तारखांना कोठे होता एवढे कळले, तरी निम्मे काम होते.

व्हिएतनाम सर्व्हिस मेडलच्या फितीवर सैनिक ज्या ज्या मोहिमेच्या काळात तेथे होता, त्या प्रत्येक मोहिमेसाठी एक छोटा कांस्य तारा लावायचा असतो. संपूर्ण युद्धाच्या अशा सतरा अधिकृत मोहिमा ठरवलेल्या आहेत आणि त्यांच्या तारखा प्रसिद्ध आहेत. शेजाऱ्यांच्या वर्षभरात त्यांतील तीन येतात: २३ फेब्रुवारी ते ८ जून १९६९ ची टेट प्रतिआक्रमणाची मोहीम, ९ जून ते ३१ ऑक्टोबर १९६९ ची उन्हाळी-शरद मोहीम, आणि १ नोव्हेंबर १९६९ पासून ३० एप्रिल १९७० पर्यंतची हिवाळी-वसंत मोहीम. म्हणजे तीन ताऱ्यांवर त्यांचा हक्क होता आणि दाखल्यावर एकाचाही उल्लेख नव्हता. त्याहून लक्षात घेण्यासारखी गोष्ट दक्षिण व्हिएतनामच्या गॅलन्ट्री क्रॉसच्या सामूहिक सन्मानाची आहे. व्हिएतनाममध्ये सेवा केलेल्या अमेरिकन लष्कराच्या सर्व तुकड्यांना तो १९७४ च्या लष्करी सामान्य आदेश क्रमांक ८ ने मिळाला. जो सैनिक १९७० मध्येच घरी परतला, त्याच्या दाखल्यावर चार वर्षांनंतरच्या आदेशाची नोंद कोठून असणार? व्हिएतनामच्या पिढीतील कोणाचाही जुना दाखला हाती आला, तर सर्वांत आधी ही एक नोंद शोधावी. ती सापडणार नाही अशीच शक्यता अधिक.

या दोन्ही गोष्टी तारखांवरून सिद्ध होणाऱ्या आहेत. उरलेल्या दोन तशा नव्हत्या. एक होते आर्मी कमेन्डेशन मेडल. त्याच्या आदेशाची प्रत सेवामुक्तीनंतर टपालाने घरी आलेली होती आणि ती शेजाऱ्यांच्या पत्नीने जुन्या पत्रांबरोबर जपून ठेवली होती. दुसरे होते गुड कंडक्ट मेडल. हे एरवी तीन वर्षांच्या निष्कलंक सेवेसाठी दिले जाते, परंतु पहिलीच भरती तीन वर्षांच्या आत संपली आणि किमान एक वर्ष भरले, तरी सैनिक त्याला पात्र ठरतो. दोन वर्षांसाठी सक्तीने भरती झालेल्या हजारो तरुणांना याची कल्पनाच नव्हती, आणि त्यांच्या कमांडरांनाही शेवटच्या आठवड्यात तो आदेश काढण्याची सवड नव्हती.

अर्ज दोन प्रकारे करता येतो. केंद्राच्या संकेतस्थळावर ओळख पटवून ऑनलाइन मागणी नोंदवता येते, किंवा स्टॅन्डर्ड फॉर्म १८० हा कागदी अर्ज भरून सहीसह टपालाने अथवा फॅक्सने पाठवता येतो. अर्जावर खुलाशासाठी दिलेली जागा इतकी तोकडी आहे की त्यात एका पदकाचे नावही धड मावत नाही. त्यामुळे वेगळे पत्र जोडणे मला आवश्यक वाटते. ते एका पानाचेच असावे, आणि त्यात प्रत्येक पदकासाठी एक छोटा परिच्छेद करून पदकाचे नाव, त्याचा आधार असलेला आदेश किंवा मोहिमेच्या तारखा, आणि सोबत जोडलेल्या कागदाचा उल्लेख असावा. युद्धाच्या आठवणी, शौर्याचे प्रसंग, कुटुंबाची खंत, हे सारे मनापासून लिहावेसे वाटते हे खरे. परंतु पडताळणी करणाऱ्या तंत्रज्ञाला त्याचा उपयोग नसतो आणि त्यात मुख्य मागणी हरवून जाते. सामूहिक सन्मानांच्या बाबतीत तुकडीचे नाव कंपनी आणि बटालियनपर्यंत द्यावे, कारण कोणत्या तुकडीला कोणत्या तारखांसाठी कोणता सन्मान मिळाला याच्या याद्या लष्कराने स्वतंत्र पुस्तिकांत छापलेल्या आहेत आणि पडताळणी त्यांवरूनच होते.

आणखी एक बारकावा सांगते, कारण तो कोणी सहसा सांगत नाही. अमेरिकेच्या भूदलाने १ जुलै १९६९ पासून सैनिकांचे जुने सेवाक्रमांक बंद करून सोशल सिक्युरिटी क्रमांक वापरायला सुरुवात केली. आमचे शेजारी त्या दिवशी व्हिएतनाममध्ये होते. म्हणजे त्यांच्या एकाच फायलीतील निम्मे कागद एका क्रमांकाने आणि निम्मे दुसऱ्या क्रमांकाने आहेत. या काळातील सैनिकासाठी अर्ज करताना दोन्ही क्रमांक लिहावेत.

या केंद्राबद्दल बोलताना १९७३ च्या आगीचा विषय टाळता येत नाही. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईसजवळच्या ओव्हरलंड येथील तेव्हाच्या इमारतीच्या सहाव्या मजल्याला आग लागली आणि ती पुरती विझवायला चार दिवस लागले. १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख सेवापट त्यात नष्ट झाले. १ नोव्हेंबर १९१२ ते १ जानेवारी १९६० या काळात सेवामुक्त झालेल्या भूदल सैनिकांच्या सुमारे ८० टक्के फायली गेल्या. वायुदलात २५ सप्टेंबर १९४७ ते १ जानेवारी १९६४ या काळात बाहेर पडलेल्यांपैकी वर्णानुक्रमात ‘हबर्ड, जेम्स ई.’ या नावानंतर येणाऱ्यांच्या सुमारे ७५ टक्के फायली गेल्या. नौदल आणि मरीन कोअर यांच्या नोंदी मात्र आगीतून बचावल्या. जळालेल्या फायलींच्या दुसऱ्या प्रती नव्हत्या, सूक्ष्मचित्रपट्ट्या (मायक्रोफिल्म) नव्हत्या आणि साधी सूचीही नव्हती. पाण्याने भिजलेले गठ्ठे वाळवण्यासाठी मॅक्डोनेल डग्लस या विमान कंपनीच्या निर्वात कक्षांचा उपयोग करण्यात आला. त्या कागदांतून वाचलेल्या लाखो अर्धवट जळक्या फायली आजही तापमान नियंत्रित ठेवलेल्या वेगळ्या दालनात आहेत. केंद्र २०११ मध्ये नव्या इमारतीत गेले.

ज्यांच्या वडिलांनी किंवा आजोबांनी दुसऱ्या महायुद्धात अथवा कोरियात सेवा केली, त्यांनी ‘फाइल उपलब्ध नाही’ या उत्तरावर थांबू नये. अंतिम वेतनाची पावती, तुकडीचा रोजचा हजेरी अहवाल, रुग्णालयात दाखल झाल्याची नोंद, माजी सैनिक विभागाकडे कधी काळी केलेला दावा, अशा कडेकडेच्या कागदांतून केंद्र सेवेचा तपशील पुन्हा उभा करते. त्यासाठी एनए १३०५५ हा वेगळा अर्ज आहे. त्याहून जवळचा मार्ग म्हणजे सैनिकाच्या गावच्या काउंटी (म्हणजे जिल्हा) कचेरीत चौकशी करणे. त्या पिढीतील अनेकांनी घरी आल्यावर आपला दाखला तेथे नोंदवून ठेवला होता. महायुद्धातील पायदळाच्या वारसांना आणखी एक गोष्ट माहीत असायला हवी. ७ डिसेंबर १९४१ ते २ सप्टेंबर १९४५ या काळात ज्याला कॉम्बॅट इन्फन्ट्रीमन बॅज किंवा कॉम्बॅट मेडिकल बॅज मिळाला, तो १९४७ च्या धोरणानुसार ब्रॉन्झ स्टार मेडललाही पात्र ठरतो. मात्र ते आपोआप घरी येत नसे. अर्ज करावा लागे, आणि पुष्कळांनी तो कधी केलाच नाही.

उत्तराला किती वेळ लागतो, हा पहिला प्रश्न सगळे विचारतात. महासाथीच्या काळात केंद्र बंद असल्याने तुंबलेल्या मागण्यांची संख्या मार्च २०२२ मध्ये सहा लाखांवर गेली होती, आणि २०२४ च्या सुरुवातीपर्यंत ती थकबाकी निकालात निघाली. साध्या दाखल्याची प्रत आता पुष्कळ लवकर मिळते. पदकांच्या पडताळणीला मात्र काही महिने धरावेत, आणि अंत्यविधी किंवा शस्त्रक्रिया अशी खरी निकड असेल तरच तातडीची मागणी करावी. आम्हाला आलेले उत्तर स्वच्छ आणि मुद्देसूद होते. तीन तारे, सामूहिक सन्मान आणि कमेन्डेशन मेडल मान्य झाले. गुड कंडक्ट मेडलचा आदेश फायलीत आढळला नाही, आणि त्यासाठी कोणाकडे जावे हे उत्तरात लिहिलेले होते.

येथे या सेवेची मर्यादा समजते आणि ती वाजवी आहे असे मला वाटते. केंद्राचे काम जे पदक आधीच दिलेले आहे, किंवा नियमाने आपोआप लागू होते, ते कागदावरून पडताळण्याचे आहे. नवीन पदक देण्याचा अधिकार अभिलेखागाराला नाही आणि नसावाही. आदेश नसेल तर डीडी १४९ हा अर्ज भरून त्या त्या सैन्यदलाच्या नोंद-दुरुस्ती मंडळाकडे जावे लागते. १९४६ च्या कायद्याने स्थापन झालेली ही मंडळे नागरी सदस्यांची असतात. चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांच्या आत अर्ज करावा असा नियम आहे. परंतु न्यायाच्या दृष्टीने योग्य वाटल्यास मंडळ मुदत माफ करू शकते, आणि जुन्या पदकांच्या प्रकरणांत ती पुष्कळदा माफ झालेली दिसते. दहापैकी नऊ प्रकरणे दहा महिन्यांत आणि कोणतेही प्रकरण फार तर अठरा महिन्यांत निकाली काढावे, असे कायदा सांगतो. मंडळाकडे जाण्यापूर्वी केंद्राचे उत्तर हाती असलेले बरे, कारण इतर मार्ग संपल्याशिवाय मंडळ प्रकरण हाती घेत नाही. गुड कंडक्टच्या बाबतीत वर्तन आणि कार्यक्षमता या दोन्हींचे शेरे सर्वत्र ‘उत्कृष्ट’ आहेत आणि शिक्षेची एकही नोंद नाही, हे फायलीच्या प्रतीतील पानांवर खुणा करून दाखवावे. यापलीकडे वकिली युक्तिवादाची गरज नसते. आमचा अर्ज सध्या मंडळापुढे आहे. ज्या शौर्याची शिफारसच कधी झाली नाही त्यासाठी पदक हवे असेल, तर तो तिसराच मार्ग आहे आणि तो काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकन संसदेच्या, सदस्यामार्फत जातो. तेथे प्रत्यक्ष साक्षीदारांची निवेदने लागतात, आणि पन्नास वर्षांनंतर ती मिळवणे हेच सर्वांत अवघड असते.

पैसे घेऊन हेच काम करून देणाऱ्या खाजगी सेवांबद्दल मात्र माझे मत प्रतिकूल आहे. अशा एका संकेतस्थळावर मी आधी चौकशी केली होती. तेथे भरलेल्या माहितीतून शेवटी हाच विनामूल्य अर्ज तयार होऊन याच केंद्राकडे जाणार होता, आणि त्यासाठी सांगितलेली रक्कम एखाद्या निवृत्त माणसाला सहज परवडणारी नव्हती. सेंट लुईसमध्ये प्रत्यक्ष जाऊन जुन्या फायली पाहणारे स्वतंत्र संशोधक वेगळे. महायुद्धातील तुकडीचे रोजचे अहवाल शोधायचे असतील तर त्यांचे पैसे वसूल होतात. केवळ दाखला दुरुस्त करायचा असेल, तर काउंटीच्या माजी सैनिक सेवा अधिकाऱ्याची मदत घ्यावी. ती फुकट असते, आणि त्या अधिकाऱ्याने असे अर्ज डझनावारी पाहिलेले असतात.

पदके मिळून काय होणार, असे शेजाऱ्यांच्या मुलाने मला विचारले होते. बहुतेक पदकांमुळे एक डॉलरही वाढत नाही हे खरे आहे, पण काही नोंदींचा व्यवहारातही फरक पडतो. लढाईत जखमी झालेल्यांना मिळणाऱ्या पर्पल हार्टची नोंद असलेल्या माजी सैनिकाला सरकारी आरोग्यसेवेत तिसऱ्या प्राधान्यगटात स्थान मिळते. कॉम्बॅट इन्फन्ट्रीमन बॅज असेल तर युद्धामुळे झालेल्या मानसिक आघाताच्या दाव्यात सैनिक लढाईत होता हे वेगळे सिद्ध करावे लागत नाही.

मराठी वाचकांना या साऱ्याशी काय कर्तव्य, असे वाटू शकते. आपल्याकडे जवानाचे कागद त्याच्या रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयात असतात. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे बेळगावात, तोफखान्याचे नाशिकरोडला. अमेरिकेत ते एका छताखाली आहेत. शोधणाऱ्याला ते फार सोयीचे पडते, आणि एका आगीने किती नुकसान होऊ शकते हेही त्याच व्यवस्थेने दाखवून दिले. आता इथे अमेरिकेतल्या मराठी घरांतील मुले-मुलीही सैन्यदलांत जाऊ लागली आहेत. त्यांच्या आईवडिलांना माझे एवढेच सांगणे आहे की मुलांनी सेवामुक्तीच्या वेळी दाखल्याच्या मसुद्यातील तेरावा रकाना आपल्याजवळच्या आदेशांशी ताडून मगच सही करावी, आणि प्रत्येक आदेशाची प्रत घरी पाठवावी. शेजाऱ्यांच्या पत्नीने ती एक प्रत जपली नसती, तर कमेन्डेशन मेडलही मंडळापुढेच गेले असते.

भूदलाची पदके फिलाडेल्फियाहून येतात. नौदल आणि मरीन कोअरची टेनेसीतील मिलिंग्टनहून, तर वायुदलाची टेक्सासमधील सॅन अँटोनियोहून. सैनिक हयात नसेल तर पुनर्विवाह न केलेला जोडीदार, मग ज्येष्ठ अपत्य, मग आईवडील, या क्रमाने ती मागता येतात. परदेशी सरकारांनी दिलेले सन्मान अमेरिकन सरकार पुरवत नाही. त्यामुळे व्हिएतनामचे मोहीम पदक आणि गॅलन्ट्री क्रॉसची सोनेरी चौकटीतील फीत नोंद झाल्यावरही बाजारातून विकत घ्यावी लागते. पदकांच्या पेटीपेक्षा महत्त्वाचा आहे तो डीडी २१५ हा दुरुस्तीचा कागद. दुरुस्तीनंतर मूळ दाखला नव्याने टाइप करून मिळत नाही. वाढलेल्या नोंदी या स्वतंत्र पानावर येतात आणि दोन्ही कागद नेहमी एकत्रच दाखवावे लागतात. म्हणून तो हाती पडताच मूळ दाखल्याला जोडून काउंटी कचेरीत नोंदवावा, आणि एक प्रत माजी सैनिक विभागाकडच्या फायलीत पाठवावी.